फॅम लावलेलं एसजीसी-८सी अ‍ॅप्टामर: ल्युकेमियाच्या पेशींवर चोख, बफर मात्र सांभाळा

अ‍ॅप्टामर म्हणजे ठरावीक लक्ष्याला अँटिबॉडीसारखा चिकटणारा डीएनए किंवा आरएनएचा छोटा तुकडा; फॅम हा त्याला जोडलेला, हिरवा चमकणारा रंग. अँटिबॉडीच्या कुपीला सरावलेल्याला याची नळी रिकामीच वाटेल. तळाशी पिवळसर डाग दिसतो, तोच माल. झाकण काढण्याआधी नळी मिनिटभर सेंट्रिफ्यूज करा, नाहीतर सुकी पूड झाकणाबरोबर जाते.

एसजीसी-८सी हा ४१ बेसचा एकपदरी डीएनए. तो पेशीवरच्या पीटीके७ प्रथिनाला एक नॅनोमोलरच्या आतबाहेर, म्हणजे फार घट्ट, पकडतो. मागवताना एचपीएलसी (पूर्ण साखळ्या तुकड्यांपासून वेगळ्या करणारं) शुद्धीकरणाचे पैसे वाचवू नका. साखळी बनवताना बेसची दर जोडणी ९९ टक्के साधली, तरी ४० जोडण्यांनंतर पूर्ण लांबीची साखळी जेमतेम ६७ टक्के उरते. नुसत्या डिसॉल्टिंगच्या (फक्त क्षार काढलेल्या) मालात तुकडे राहतात, सुटा रंगही राहू शकतो.

२० नॅनोमोल मालात २०० मायक्रोलिटर टीई (डीएनए साठवायचं बफर) घातलं की १०० मायक्रोमोलर साठा होतो. छोटे भाग करून उणे २० अंशांवर, अंधारात ठेवा. २०० मायक्रोलिटरला २५० नॅनोमोलर या हिशेबाने पेशी रंगवायच्या सुमारे ४०० नळ्या होतात; अँटिबॉडीपुढे हा खर्च किरकोळच.

घडी घालणं, म्हणजे साखळीला पकडीचा योग्य आकार देणं, हाच कळीचा भाग. ५ मिलिमोलर मॅग्नेशियम आणि ग्लुकोज असलेल्या पीबीएस बफरमध्ये ९५ अंशांवर ५ मिनिटं, मग थेट बर्फात १० मिनिटं. भलतीकडे चिकटणं रोखणारे बीएसए (एक प्रथिन) आणि यीस्टचा टीआरएनए त्यानंतरच घाला. आधी घातलात तर बीएसएचं दही होतं. पेशींबरोबर ४ अंशांवर ३० मिनिटं, दोनदा धुणं, की सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र). सीसीआरएफ-सीईएम या ल्युकेमियाच्या पेशींचा आलेखातला डोंगर स्वच्छ उजवीकडे, जास्त चमकेकडे सरकतो; तुलनेसाठी घेतलेल्या रॅमोस पेशींचा जागचा हलत नाही.

रॅमोसही सरकला, तर आधी मेलेल्या पेशींवर संशय घ्या. त्या कुठलाही डीएनए शोषतात, म्हणून पीआय (मेलेल्या पेशी दाखवणारा रंग) आणि तुलनेसाठी तेवढ्याच लांबीचा, फॅम लावलेला भलताच क्रम हवाच. चिकटून वाढणाऱ्या पेशी ट्रिप्सिनने (प्रथिनं कापणारं एन्झाइम) सोडवल्या तर पीटीके७च कापलं जातं आणि सिग्नल पडतो. दोष अ‍ॅप्टामरचा नसतो.

हेला या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशीही याने उजळतात, तेव्हा एवढ्यावर ल्युकेमियाचं निदान करू नये. ३७ अंशांवर ते पेशीत शिरतं, म्हणून औषध वाहून नेण्यासाठी लोभ सुटतो. पण शरीरात न्यूक्लिएज (डीएनए तोडणारी एन्झाइमं) ते चिरतात आणि मूत्रपिंड लवकर बाहेर टाकतं. न्यूक्लिओलिन या प्रथिनाला धरणारं एएस१४११ हे दुसरं अ‍ॅप्टामर तर थेट रुग्णांपर्यंत पोचलं होतं. मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या चाचणीत ३५ पैकी एकालाच प्रतिसाद मिळाला.