‘काका, तुम्ही आता मालक!’

नाशिकला कॉलेज रोडवर खरेदी करताना एक कूपन भरलं होतं. आठवड्याने फोन आला, ‘लकी ड्रॉमध्ये नाव निघालंय, रविवारी मुंबई नाक्याजवळच्या हॉटेलात गिफ्ट घ्यायला या, मिस्टर-मिसेस दोघांनी यायचं.’ दोघंच का, हे विचारायला हवं होतं. ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून उठायची सोयच त्यांना बंद करायची असते. रविवारची मिसळ सोडून गेलो.

हॉलमध्ये गाणी जोरात. मधूनमधून माईकवरून ‘नवीन ओनर्स’चं अभिनंदन आणि टाळ्या. आमच्या टेबलावर पंचविशीतला गोडबोल्या पोरगा. त्याने कोऱ्या कागदावर हिशोब मांडला: हॉटेलची खोली रोज ६,००० रुपये, वर्षाला ७ रात्री, २५ वर्षं, झाले साडेदहा लाख. ‘आमच्याकडे फक्त २,४०,०००. रिसॉर्ट सगळ्यांच्या मालकीचं, वर्षातला एक आठवडा तुमचा. कंटाळलात की विका, नाहीतर मुलाच्या नावावर करा.’

माझी बायको दिंडोरीकडची. माहेरच्या सामायिक गटावर भावांबरोबर तिचंही नाव आहे, त्यामुळे हिस्सा म्हणजे काय हे तिला माझ्यापेक्षा नीट कळतं. तिने एकच विचारलं, “सातबारावर नाव लागणार का?”

पोरगा हसला. “काकू, त्याहून भारी. सर्टिफिकेट मिळेल.” आणि त्याच्याबरोबर मीही हसलो, याची लाज अजून वाटते.

तीन तासांनी ४०,००० कार्डवरून दिले, बाकीचे हप्त्यांवर. हिशोबाचा तो कागद मागितला तर घडी घालून त्याने स्वतःच्याच खिशात टाकला. ‘करार येणारच आहे ना, काका.’

करार कुरिअरने आला आणि तसाच कपाटात गेला. दिवाळीला महाबळेश्वर मागितलं, खोली नाही म्हणाले, तेव्हा कुठे तो उघडला. बारीक इंग्रजीतल्या अठरा पानांत मालकी हा शब्दच नाही. आहे तो ‘वापराचा हक्क’, म्हणजे ज्याला टाइमशेअर म्हणतात तो, तोही खोली शिल्लक असेल तर. वर्षाचे दिवस रंगांत वाटलेले, आमचा सीझन पांढरा. दिवाळी, नाताळ, मे महिना वरच्या रंगांत, त्याचे पैसे जास्त. देखभालीचे वर्षाला १२,०००, गेलात तरी आणि नाही गेलात तरी. एक रुपयाही वाढवला नाही तरी २५ वर्षांचे ३ लाख होतात, मूळ रकमेपेक्षा जास्त. कागदावरच्या साडेदहा लाखांशेजारी हा आकडा आला नव्हता. सही केल्यापासून दहा दिवसांत रद्द करता आलं असतं. आणि शेवटच्या पानावर: तोंडी आश्वासनं कंपनीवर बंधनकारक नाहीत.

खरा हिस्सा घेतला तर खरेदीखत होतं, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी होते, इंडेक्स टूवर, म्हणजे त्या नोंदणीच्या सरकारी उताऱ्यावर, तुमचं नाव येतं. काही ठिकाणी बंगला एखाद्या कंपनीच्या नावावर असतो आणि तुम्हाला तिचे शेअर मिळतात. दोन्हीकडे विकायला हातात काहीतरी राहतं. आमच्यासारख्या टाइमशेअरमध्ये मुदत संपली की खेळ खलास. वर्षभर आधी बुकिंग करणाऱ्यांना ते परवडतही असेल, माझं भांडण त्याच्याशी नाही. वापर विकायचा आणि त्याला मालकी म्हणायचं, याच्याशी आहे.

आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. उत्तरं गोलगोल आली, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. करारात दुसऱ्या शहरातलं न्यायालय लिहिलंय म्हणून बरेच जण गप्प बसतात. पण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आमचं प्रकरण चालू आहे.

मागच्या महिन्यात आणखी एक फोन आला. ‘तुमची मेंबरशिप घ्यायला पार्टी तयार आहे, फक्त ट्रान्सफरचे १८,००० आधी भरा.’ आमच्याकडे काय अडकलंय, हे त्याला कुठून कळलं कोण जाणे. फोन बायकोने घेतला होता. आधी सगळं लेखी पाठवा म्हणाली. त्यानंतर त्या नंबरवरून फोन नाही.