अंबडचं पीएचई सर्व्हिस वर्कशॉप: प्लेटा धुणारे खूप, प्रवाह बघणारे हेच

नाशिकमध्ये म्हसरूळला आमची छोटी डेअरी आहे. दिंडोरीकडून दूध येतं, पाश्चराइज होऊन पिशवीत जातं. पाश्चरायझर तासाला ५०० लिटरचा आणि त्याचा जीव म्हणजे प्लेट हीट एक्स्चेंजर, आमच्या भाषेत पीएचई: पातळ धातूच्या प्लेटांची चळत, प्लेटेच्या एका बाजूनं गरम आणि दुसऱ्या बाजूनं थंड वाहतं, न मिसळता उष्णता देतं-घेतं. उन्हाळ्याच्या तोंडावर गॅस्केट, म्हणजे प्लेटांमधली गळती रोखणारी रबरी पट्टी, बदलायला दुसऱ्याच एका फिटरला बोलावलं होतं. त्याने प्लेटा चकाचक केल्या, गळतीही थांबली. पण त्यानंतर दूध ७२ अंशांवर टिकेना. डायव्हर्जन व्हॉल्व्ह सारखा कमी तापलेलं दूध बॅलन्स टँकमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या टाकीत, परत पाठवायचा. चिलर तर थांबायचं नाव घेईना. त्या फिटरचा सल्ला एकच, मोठा बॉयलर घ्या.

मग अंबड एमआयडीसीतल्या या वर्कशॉपला फोन केला. मिस्त्री आले आणि पाना हातात घ्यायच्या आधी रिजनरेशनच्या, म्हणजे तापलेलं दूध आपली उष्णता थंड कच्च्या दुधाला देतं त्या भागाच्या, चारही पाइपांचं तापमान बघितलं. कच्चं दूध ४ अंशांना आत, ३८ ला बाहेर. तापलेलं ७२ ला आत, तेही ३८ लाच बाहेर. "ताई, दोन्ही दुधं एकाच दिशेनं पळतायत. बॉयलर बदलून काही होणार नाही."

त्यांनी कागदावर काढून दाखवलं. एकाच दिशेनं सोडलं तर तोंडाशी ६८ अंशांचा फरक, तिथं उष्णता भराभर जाते. पण दूध तेच, प्रवाह तेवढाच, त्यामुळे एक जेवढं चढतं तेवढंच दुसरं उतरतं. मध्यावर, ३८ ला, दोघं सारखी झाली की संपलं. पुढे कितीही प्लेटा जोडा, उष्णता हलत नाही. समोरासमोर सोडलं की बाहेर पडायला आलेल्या कच्च्या दुधाला नुकतं आत शिरलेलं ७२ अंशांचं दूध भेटतं, आणि दुसऱ्या टोकाला निवत आलेल्या दुधाला ४ अंशांचं. फरक थोडाच, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत टिकतो, म्हणून प्रत्येक प्लेट काम करते. माशाच्या कल्ल्यात पाणी आणि रक्त असंच उलटसुलट वाहतं, डायलिसिसमध्येही तसंच, असं ते म्हणाले. मला हे फार आवडलं.

युनियन, म्हणजे पाइपांचे जोड, खोलून एका बाजूचे इनलेट-आउटलेट बदलले, बस. आता कच्चं दूध ६५ ला बाहेर येतं, पाश्चराइज झालेलं ११ ला. बॉयलरला ७ अंश चढवायचे, चिलरला ७ उतरवायचे. आधी दोघांनाही ३४ अंशांचं ओझं होतं. डिझेल आणि वीज कुठं जात होती ते इथंच कळलं.

जाता जाता त्यांनी प्रेशरही तपासलं. पाश्चराइज दुधाच्या बाजूला प्रेशर जास्तच हवं, म्हणजे एखादी प्लेट फुटलीच तर कच्चं दूध चांगल्या दुधात शिरत नाही. पाइपांवर रंगाने बाणही काढून दिले. हे करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

कमी काय, तर बिलात मजुरी आणि सामान वेगळं लिहीत नाहीत, मागून घ्यावं लागतं. आणि जानेवारी ते मार्च द्राक्षाचा हंगाम, तेव्हा माणसं वायनऱ्यांच्या कामात अडकलेली असतात. गॅस्केटचं काम असेल तर दिवाळीनंतर लगेच सांगून ठेवा. फोन करताना चारही पाइपांची तापमानं जवळ असू द्या, पहिला प्रश्न तोच येतो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार.