'थेरपी प्रॅक्टिस वाढवा' कोर्स, ४९,५६० रुपये आणि दुपारी तीनचा ग्रुप

पाचपैकी अडीच स्टार. आधी दोनच देणार होते पण तिसऱ्या आठवड्यातला एक भाग खरंच कामाचा निघाला, म्हणून अर्धा वाढवला.

मी नाशिकला काउन्सेलर आहे, एमए होऊन अकरा वर्षं झाली. सकाळी घरून ऑनलाइन सेशन, संध्याकाळी पाच ते नऊ एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातली मागची खोली भाड्याने घेतलीय तिथे. आठवड्याला सोळा-सतरा सेशन होतात, त्यापुढे माझं डोकं चालत नाही, रात्री घरी आल्यावर नवऱ्याने "भाजी कशी झालीय" विचारलं तरी मनात येतं की आता याचंही ऐकून घ्यायचं का. फी १२०० आहे, अजून वाढवली तर निम्मे लोक बंद होतील. म्हणजे तास वाढत नाहीत आणि फीही वाढत नाही, अशा अवस्थेत इन्स्टावर त्या जाहिराती दिसायला लागल्या. एकेकाला बघणं सोडा, ग्रुप घ्या, ऑनलाइन प्रोग्रॅम बनवा, झोपेतही कमवा. मला झोपेत कमवायचं नव्हतं हो, झोप मिळाली असती तरी चाललं असतं. पण घेतला कोर्स. ४२ हजार अधिक १८ टक्के जीएसटी, दहा आठवडे, दर शनिवारी अकरा वाजता, हिंदी-इंग्रजी मिक्स. नाव लिहीत नाही कारण रिफंडवरून मेलामेली चालू आहे.

आधी चांगलं सांगते. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी ग्रुपची रचना शिकवली, म्हणजे "या कधीही, बसा कितीही" असा ओपन ग्रुप सुरुवातीला काढू नका, बंद बॅच काढा, आठ आठवडे ठरलेले, वार आणि वेळ ठरलेली, पैसे सगळे आधी, चुकलेलं सेशन परत मिळणार नाही, आणि विषय एकच ठेवा. मी दोन वर्षांपूर्वी 'स्ट्रेस मॅनेजमेंट ग्रुप' नावाचा प्रकार करून बघितला होता, पहिल्या दिवशी नऊ जण, चौथ्या दिवशी मी आणि एक रिटायर्ड बँकवाले काका. तेव्हा काय चुकलं ते या एका शनिवारी कळलं. स्ट्रेस काय सगळ्यांनाच असतो, त्यासाठी दर बुधवारी कोण येऊन बसतंय.

मग मी विषय धरला डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांची किंवा सासूसासऱ्यांची काळजी घेणाऱ्यांचा. माझ्याकडे अशा तीन-चार जणी एकेकट्या येतच होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं की म्हाताऱ्या माणसावर ओरडणारी दुष्ट बाई जगात मी एकटीच. देशात साठीच्या पुढच्यांमध्ये ७.४ टक्के म्हणजे साधारण ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे असा २०२३ मध्ये छापून आलेल्या अभ्यासाचा अंदाज आहे, तर सांभाळणारे किती असतील बघा. आणि ही माणसं क्लिनिकला येऊच शकत नाहीत, घर सोडलं तर मागे बघणार कोण. म्हणजे ऑनलाइन ग्रुप खरा कुणासाठी असेल तर यांच्यासाठी.

आता कोर्सचं पहिलं कौतुकास्पद ज्ञान. मेंटरने सांगितलं की ग्रुप रात्री आठला ठेवा, तो प्राइम टाइम, सगळे मोकळे असतात. कोण मोकळे असतात? डिमेन्शियात बऱ्याच जणांची चलबिचल दिवस मावळताना वाढते, सनडाउनिंग म्हणतात त्याला, संध्याकाळ झाली की "मला माझ्या घरी जायचंय" सुरू होतं, चपला शोधणं, दाराची कडी काढणं, आणि आपण त्याच घरात उभे असतो. रात्री आठला यातली एकही बाई फोन घेऊन बसू शकत नाही. मी फॉर्ममध्ये वेळ विचारली तर बहुतेकींनी एकच लिहिलं, दुपारी तीन, म्हातारी माणसं जेवून झोपलेली असतात तेव्हा. म्हणून आमचा ग्रुप बुधवारी तीन ते साडेचार. एक जण गॅलरीत कपड्यांच्या दोरीखाली, एक पार्किंगमध्ये गाडीत, एक तर बाथरूममध्ये पालथ्या बादलीवर बसून. हेडफोन सगळ्यांना सक्तीचा. मध्येच कुणाचा तरी कॅमेरा बंद होतो म्हणजे आतून हाक आली, कुणी काही विचारत नाही. मेंटर म्हणाला होता एंगेजमेंटसाठी कॅमेरा ऑन ठेवायला लावा. बरं.

फुकटचं झूम चाळीस मिनिटांत तोडतं आणि गूगल मीट ग्रुपला साठ मिनिटं देतं, त्यामुळे दीड तासाच्या ग्रुपला पैसे भरून प्लॅन घ्यावाच लागतो, हे ४२ हजारांत कुणी सांगितलं नाही, मला पहिल्याच दिवशी एक जण रडत असताना कळलं. लाजच वाटली मला. परत लिंक पाठवून सगळ्यांना बोलवेपर्यंत ती सावरली होती आणि "जाऊ दे मॅडम" म्हणाली.

यापेक्षा मोठी गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपची. कोर्समध्ये सांगतात की नोंदणी झाली की लगेच सगळ्यांना एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये टाका, कम्युनिटी तयार होते. अहो पण साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, डीपी दिसतो, आणि नाशिक म्हणजे किती मोठं गाव, कॉलेज रोडवरच्या बाईची चुलत जाऊ इंदिरानगरला निघतेच. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्टमध्ये गोपनीयता हा पेशंटचा हक्क म्हणून लिहिलाय आणि इथे आपण पहिल्याच दिवशी दहा जणांना एकमेकांचे नंबर वाटायचे. मी ब्रॉडकास्ट लिस्ट केली, त्यात नंबर कुणाला दिसत नाहीत, फक्त त्यांनी माझा नंबर सेव्ह केलेला हवा नाहीतर मेसेज पोचतच नाही. शेवटच्या आठवड्यात त्यांनीच ठरवून आपापला ग्रुप काढला, तो त्यांचा निर्णय, मी त्यात नाही.

आणि ते संमतीपत्र! 'रेडी टू यूज टेम्पलेट्स, किंमत १५ हजार, तुम्हाला मोफत' म्हणून जे फोल्डर दिलं त्यातल्या फॉर्ममध्ये लिहिलंय की संकटाच्या वेळी ९११ किंवा ९८८ ला फोन करा. नाशिकरोडवरून ९११ लावायचा! अमेरिकेतला फॉर्म उचलून वरचा लोगो बदललाय फक्त, खाली इन्शुरन्स पॅनलचा कॉलमसुद्धा तसाच. माझ्या फॉर्ममध्ये मी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ घातला, जवळच्या एका माणसाचा नंबर घेतला, आणि सेशनला बसताना तुम्ही नेमक्या कुठल्या पत्त्यावर आहात तेही विचारते, कारण ऑनलाइन कुणाला काही झालं तर पाठवायचं कुणाला आणि कुठे.

अमेरिकेवरून आठवलं, सहावा आठवडा पूर्ण 'एनआरआय क्लायंट घ्या, डॉलरमध्ये फी घ्या' यावर. मराठी बोलणारा थेरपिस्ट तिकडे मिळत नाही हे खरं, माझ्याकडेही न्यूजर्सीहून चौकशी आलीय. पण अमेरिकेत लायसन्स राज्यागणिक असतं, क्लायंट ज्या राज्यात बसलाय तिथले नियम लागतात, मी नाशिकमध्ये बसून तिथल्या माणसाची थेरपी करणं इतकं सोपं नाही. यावर प्रश्न विचारला तर उत्तर आलं की 'कोच' लिहा, थेरपिस्ट लिहू नका. आणि इकडे बायोमध्ये मात्र 'क्लिनिकल' शब्द टाका, वजन पडतं म्हणे. आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी नसताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेता येत नाही हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत असतं.

सातवा-आठवा आठवडा कशावर गेला तर 'ग्रुप प्रॅक्टिस'वर. मी आपली वही घेऊन बसले की आता ग्रुप कसा चालवायचा ते येणार, तर तिकडे ग्रुप प्रॅक्टिस म्हणजे हाताखाली चार थेरपिस्ट ठेवायचे आणि ६०-४० वाटणी करायची. ज्यांना क्लिनिक मोठं करायचंय त्यांना उपयोगी असेल. माझे दोन शनिवार गेले.

आता पैशाचं, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. त्यांचं कोष्टक असं: दहा माणसं, ८०० रुपये, आठ सेशन, झाले ६४ हजार, बारा तासांचं काम, म्हणजे तासाला ५३३३. टाळ्या.

माझी पहिली बॅच. फॉर्म भरले एकोणीस जणांनी, स्क्रीनिंग कॉलला आले तेरा, घेतले सात, कारण एकीला ग्रुप नाही तर सायकियाट्रिस्टची गरज होती, दोघांना फक्त अटेंडंटचा नंबर हवा होता, आणि बाकीचे फी ऐकून किंवा वेळ जमत नाही म्हणून. सेशनला ६००, पाच जण पूर्ण फी, दोन जण निम्मी, जमले २८,८००. यातले सहा हजार मी सुपरव्हिजनला दिले, म्हणजे आपलं काम अनुभवी थेरपिस्टशी बोलून तपासून घ्यायला, पुण्याच्या एक सीनियर मॅडम आहेत, त्यांच्याशी चार तास. आता तास मोजा. सेशन बारा तास, स्क्रीनिंग साडेसहा, तयारी आणि नोट्स आठ, सुपरव्हिजन चार, मधल्या आठवड्यातले फोन तीन, पेमेंट-रिमाइंडर-लिंक वगैरे पाच. साडेअडतीस तास. तासाला सहाशेसुद्धा पडले नाहीत, एकेकट्या सेशनच्या निम्मे. दुसऱ्या बॅचला तयारी आयती होती, आठ जण होते, तेव्हा कुठे तासाला अकराशे-पावणेबाराशेवर आले. म्हणजे दोन बॅच करून मी जिथे होते तिथेच पोचले आणि कोर्सचे पन्नास हजार अजून वसूल व्हायचेत.

तरी मी ग्रुप बंद करणार नाही. कारण जे काम तिथे होतं ते मी एकटी करू शकत नाही. एकजण म्हणाली की काल मी आईच्या हातावर फटका मारला, आणि आपण सगळे गप्प, मग गॅलरीतली बाई म्हणाली "मी परवा मारला". एवढंच. मी बाराशे रुपये घेऊन "असं होतं, स्वतःला दोष देऊ नका" हे दहा वेळा सांगितलं तरी ते लागत नाही. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) ग्रुपची पद्धत सुरू झाली ती १९०५ मध्ये बॉस्टनला, प्रॅट नावाच्या डॉक्टरने टीबीच्या गरीब पेशंटना एकत्र बसवायला सुरुवात केली तिथून, आणि आपल्याकडे मुक्तांगण १९८६ पासून व्यसनी माणसांबरोबर त्यांच्या घरच्यांनाही धरून काम करतंय. तासाला ५३३३ चं कोष्टक यातल्या कुणाच्या डोक्यात असेलसं वाटत नाही.

आणि ज्या प्रश्नासाठी मला खरंच कुणीतरी हवं होतं त्यावर कोर्समध्ये एक ओळ नाही. पाचव्या आठवड्यात एकीचे वडील गेले. आता ती ग्रुपमध्ये बसते का नाही? तिचं कारणच संपलं. बाकीच्यांसमोर तिने बसणं म्हणजे त्यांना आपला उद्या दिसणं. उरलेले पैसे परत करायचे का? कोर्सच्या सपोर्ट चॅटवर विचारलं तर उत्तर आलं, "ड्रॉपआउटला पुढच्या बॅचमध्ये ५० टक्के सवलत ऑफर करा." मी फोन ठेवून दिला आणि सुपरव्हिजनच्या मॅडमना लावला. त्या म्हणाल्या की तिलाच विचार, आणि ती आली तर बाकीच्यांना आधी सांग. ती दोन आठवड्यांनी आली, निरोप घ्यायला म्हणून, आणि बोलता बोलता म्हणाली की आता दुपारी तीन वाजले की काय करायचं कळत नाही. कुणीच काही बोललं नाही बराच वेळ. मग बादलीवाली म्हणाली "इथे या".

रेकॉर्डेड प्रोग्रॅमचंही सांगून टाकते. सहा व्हिडिओ केले, डिमेन्शियाच्या माणसाशी कसं बोलावं वगैरे, किंमत १४९९. चार महिन्यांत अकरा विकले गेले, त्यातला एक माझ्या मावशीने घेतला आणि अजून तिला लॉगिन होत नाही. 'फक्त ३ सीट शिल्लक' असा उलटा चालणारा टायमर लावा म्हणून सांगितलं होतं, व्हिडिओला कसल्या सीट? शिवाय डब्ल्यूएचओचा काळजी घेणाऱ्यांसाठीचा आयसपोर्ट (iSupport) हा ऑनलाइन कार्यक्रम फुकट आहे. मी तोच पाठवते आता लोकांना. क्लायंटकडून टेस्टिमोनियल व्हिडिओ मागा हा सल्लाही मी पाळला नाही, आज जो आपल्यासमोर रडतोय त्याला उद्या कॅमेऱ्यासमोर माझी जाहिरात कर कसं म्हणायचं, तो नाही कसा म्हणेल?

कुणी नवीन काउन्सेलर वाचत असेल आणि पन्नास हजार हातात असतील तर वर्षभराची ग्रुप सुपरव्हिजन लावा, आणि कुणाच्या तरी चालू ग्रुपमध्ये को-फॅसिलिटेटर म्हणून, म्हणजे ग्रुप चालवणाऱ्याच्या जोडीला बसा, फुकट बसवत असतील तरी बसा. बंद बॅच, आठ आठवडे, पैसे आधी, विषय एक, हे तिसऱ्या आठवड्याचं सार मी वर लिहिलंच आहे, त्यासाठी त्यांना पैसे द्यायची गरज नाही.

रिफंडचं अजून काही नाही. त्यांच्या सेल्सवाल्याचे फोन मात्र येतात, 'अ‍ॅडव्हान्स्ड मास्टरमाइंड' घ्या म्हणून, जुन्यांना डिस्काउंट आहे. नेमके बुधवारी तीन नंतर करतो. मागच्या वेळी त्याला सांगितलं की यावेळी करत जाऊ नका, तर म्हणाला "मॅडम, दुपारी सगळे फ्री असतात ना."