भूजलाचा नकाशा: यंत्रणेचा की गावाचा?
गावाच्या पाण्याच्या आराखड्यासाठी भूजलाचा कुठला नकाशा धरायचा, सरकारी यंत्रणेचा की गावाने स्वतः विहिरी मोजून केलेला, असं एका सरपंचताईंनी विचारलं.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा नकाशा आयता मिळतो, खडकाची माहितीही पक्की. पण तो अख्ख्या पाणलोटाचा, म्हणजे अनेक गावांचा मिळून. निरीक्षण विहिरी मोजक्याच. आपल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या खडकात, एक विहीर मेपर्यंत टिकते, बांधापलीकडची फेब्रुवारीतच तळ गाठते. हा फरक गावानेच मोजायला हवा. खर्च किरकोळ: टेपला वजन बांधा, काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर वहीत लिहा. मेहनत मात्र दर महिन्याची, वर्षानुवर्षांची. त्या आकड्यांवर लोकांचा विश्वासही बसतो. हिवरे बाजार गावात उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडूनच पिकं ठरतात.

बंधाऱ्याची जागा शोधायची तर यंत्रणेचा नकाशा घ्या. रब्बीत काय पेरायचं, नवी बोअर पाडायची का, हे गावाच्या वहीवरून ठरवा.