स्यूडो-टर्मिनल उघडायचं कसं: फोर्कपीटीवाय, ओपनपीटीवाय की थेट पोझिक्स_ओपनपीटी?

सी मधून दुसरा प्रोग्रॅम चालवायचा, त्याचं आउटपुट वाचायचं, वाटलं तर त्याला इनपुट द्यायचं. यासाठी पीटीवाय (स्यूडो-टर्मिनल, म्हणजे समोरच्या प्रोग्रॅमला खरं टर्मिनल वाटणारी दोन टोकांची जोडी) घ्यायच्या आधी पाइपने, म्हणजे दोन प्रोसेसमधल्या साध्या एकतर्फी नळीने, भागतंय का ते बघा. भागत असेल तर पाइपच वापरा. लिनक्सवर पाइपमध्ये ६४ किलोबाइट मावतात, एररचा प्रवाह वेगळा ठेवता येतो, आणि लिहायचं टोक बंद केलं की समोरच्याला फाइल संपल्याचं कळतं. हिशेब सरळ आहे.

पाइप अडतो तो दोन ठिकाणी. एक, समोरचा प्रोग्रॅम आउटपुट साठवून ठेवतो. सी ची स्टँडर्ड लायब्ररी आपण टर्मिनलला जोडलेलो आहोत का हे तपासते. असू तर ओळ संपली की लिहिते, नसू तर बफर भरेपर्यंत गप्प राहते. म्हणून काम चालू असताना काहीच दिसत नाही आणि शेवटी सगळं एकदम येऊन आदळतं. एवढीच तक्रार असेल तर कमांडच्या आधी ‘एसटीडीबफ -ओएल’ लावून बघा; स्टँडर्ड लायब्ररीशी डायनॅमिक लिंक झालेल्या प्रोग्रॅमला बहुतेक वेळा ते पुरतं. दुसरं ठिकाण म्हणजे पासवर्ड विचारणारे, कंट्रोल-सी झेलणारे, पूर्ण स्क्रीन रंगवणारे प्रोग्रॅम. शेल आणि व्हिम याच जातीतले. इथे पीटीवायला पर्याय नाही.

पण पीटीवाय घेतलं की टर्मिनलच्या सवयीही पदरात पडतात. मुलाने, म्हणजे तुम्ही चालवलेल्या प्रोग्रॅमने, लिहिलेला न्यूलाइन मास्टरवर (हे तुमच्याकडचं टोक; त्याच्याकडचं ते स्लेव्ह) वाचताना कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन अशा जोडीने येतो. तुम्ही लिहिलेलं इनपुट इको होऊन परत तुमच्याकडेच येतं. कॅनॉनिकल मोडमध्ये (ओळ पूर्ण झाल्यावरच इनपुट पुढे जातं तो मोड) एका ओळीत ४०९५ पेक्षा जास्त बाइट लिहिले तर वरचे गळून पडतात, कुठलीही एरर न देता. हे नको असेल तर सीएफमेकरॉ वापरून टर्मिनल कच्च्या मोडमध्ये टाकावं लागतं.

आता तीन वाटा.

फोर्कपीटीवाय सगळ्यात सोपं. एकाच कॉलमध्ये जोडी उघडते, फोर्क होतो (प्रोसेसची प्रत निघते, तीच मूल), मुलात सेटसिड होऊन नवं सेशन तयार होतं, स्लेव्ह हे त्याचं कंट्रोलिंग टर्मिनल (कंट्रोल-सी सारखे सिग्नल जिथून येतात ते) बनतं आणि शून्य, एक, दोन (इनपुट, आउटपुट, एरर) हे तिन्ही डिस्क्रिप्टर त्याला जोडले जातात. मुलात फक्त एक्झेक करायचं, म्हणजे हवा तो प्रोग्रॅम चढवायचा, राहतं. एका खिडकीत अनेक टर्मिनल चालवणारा टीमक्स हेच वापरतो आणि त्याला ते शोभतंही, कारण त्याचा सर्व्हर एकाच इव्हेंट लूपवर चालतो. तुमचा प्रोग्रॅम एका थ्रेडचा असेल तर माझं उत्तर हेच. उगाच खालच्या पातळीवर उतरू नका.

अडचण थ्रेडची. अनेक थ्रेड चालू असताना फोर्क झाला की मुलात फक्त एकच थ्रेड उरतो, पण इतरांनी धरलेली कुलुपं तशीच बंद राहतात. एक्झेकच्या आधी मुलात मॅलॉक करणं (मेमरी मागणं) म्हणजे अडकून बसण्याची तयारी. पायथनच्या ३.१२ आवृत्तीपासून थ्रेड चालू असताना ओएस.फोर्कपीटीवाय बोलावलं तर इशारा मिळतो, तो याचसाठी.

ओपनपीटीवाय नुसती दोन डिस्क्रिप्टरची जोडी हातात देतं, फोर्क तुमचा तुम्ही करायचा. एररचा प्रवाह वेगळ्या पाइपवर हवा असेल तर ही वाट. टर्मिनल एका प्रोसेसने उघडायचं आणि वापरायचं दुसऱ्याने, तरीही हीच. दूरच्या मशीनवर लॉगिन देणाऱ्या ओपनएसएसएचच्या सर्व्हरमध्ये तसंच आहे: विशेषाधिकार असलेली मॉनिटर प्रोसेस जोडी उघडते आणि डिस्क्रिप्टर कमी अधिकारांच्या प्रोसेसकडे पाठवते. फोर्क आणि उघडणं एकत्र बांधलेलं असतं तर हे जमलंच नसतं.

मोकळीक मिळते तशी जबाबदारीही येते. मुलात सेटसिड आणि मग कंट्रोलिंग टर्मिनल बसवणारा आयओसीटीएल (डिव्हाइसला आज्ञा देणारा कॉल) विसरलात तर बॅश सुरू तर होतो, पण जॉब कंट्रोल नसल्याची कुरकुर करतो आणि कंट्रोल-सी कुणालाच पोचत नाही. फोर्कनंतर पालकाने स्लेव्हचं टोक बंद करायचं राहिलं तर मूल मेल्यावरही मास्टरवरचं रीड वाट बघत बसतं, कारण एक स्लेव्ह अजून उघडाच आहे, तुमच्याच हातात. आणि नावासाठी जो तिसरा आर्ग्युमेंट आहे तिथे नलच द्या. त्या बफरची लांबी सांगायची सोयच त्या कॉलमध्ये नाही.

पोझिक्स_ओपनपीटी ही सगळ्यात खालची वाट: मास्टर उघडा, ग्रँटपीटी, अनलॉकपीटी, पीटीएसनेमने नाव मिळवा, मग स्लेव्ह उघडा. तिघांत पोझिक्स या युनिक्स-प्रणालींच्या मानकात असलेली हीच. बाकी दोघांची हेडर फाइल लिनक्सवर एक, मॅकओएसवर दुसरी, फ्रीबीएसडीवर तिसरी. जुन्या ग्लिबसीवर (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) लिंक करताना ‘-एलयूटिल’ही लागायचं, ते २०२१ च्या २.३४ आवृत्तीपासून सुटलं.

पण पाच कॉल लिहायचं खरं कारण पोर्टेबिलिटी नाही, क्लोज-ऑन-एक्झेक आहे, म्हणजे एक्झेक होताच डिस्क्रिप्टर आपोआप बंद करणारा फ्लॅग. ओपनपीटीवाय आणि फोर्कपीटीवायला तो फ्लॅग देताच येत नाही. उघडल्यानंतर एफसीएनटीएलने लावता येतो, पण मधल्या फटीत दुसऱ्या थ्रेडने फोर्क-एक्झेक केलं तर तुमचा मास्टर त्या परक्या प्रोसेसकडेही जातो. मग तुम्ही आपला मास्टर बंद केलात तरी कर्नलच्या लेखी एक मास्टर जिवंतच. शेलला टर्मिनल गेल्याचा हँगअप सिग्नल मिळत नाही, तो तसाच लोंबकळत राहतो. टेस्टमध्ये हे दिसत नाही, लोड वाढला की दिसतं. लिनक्सवर पोझिक्स_ओपनपीटीला हा फ्लॅग उघडतानाच देता येतो आणि फटच उरत नाही.

लिनक्सपुरतंच लिहायचं असेल तर आणखी एक सोय आहे. कर्नल ४.१३ पासून टीआयओसीजीपीटीपीअर या आयओसीटीएलने मास्टरवरूनच स्लेव्ह उघडता येतो, नावाची गरज नाही. कंटेनरमध्ये माउंट नेमस्पेस (फाइलसिस्टिमची मांडणी) वेगळे असतात तिथे नावावरून उघडणं फसू शकतं, म्हणून हे आलं. पीटीएसनेमचा उत्तराचा बफर सगळ्या थ्रेडमध्ये सामायिक असतो, त्याचाही प्रश्न सुटतो.

थ्रेड असलेल्या सर्व्हरसाठी म्हणून मी पोझिक्स_ओपनपीटी आणि पोझिक्स_स्पॉन (फोर्क आणि एक्झेकचं काम एकत्र करणारा कॉल) ही जोडी सुचवेन. ग्लिबसी २.२६ पासून स्पॉनला सेटसिडचा फ्लॅग आहे. तो लावा आणि फाइल अ‍ॅक्शनमध्ये स्लेव्हचं नाव नो-सीटीटीवाय (कंट्रोलिंग टर्मिनल नको) फ्लॅगशिवाय उघडायला सांगा. लिनक्सवर सेशनच्या प्रमुखाने असं उघडलेलं पहिलं टर्मिनल आपोआप त्याचं कंट्रोलिंग टर्मिनल होतं. इथे नाव लागतं, तेव्हा पीटीएसनेम_आर घ्या, ते उत्तर तुमच्याच बफरमध्ये देतं. फ्रीबीएसडीवर ही युक्ती चालत नाही, तिथे आयओसीटीएल करावाच लागतो.

विंडोजवर यातलं काहीच नाही. तिथे विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून कॉनपीटीवाय आहे आणि त्याची रचना वेगळी आहे.

कुठलीही वाट घ्या, वाचायच्या लूपमध्ये एक गोष्ट लागतेच. सगळे स्लेव्ह बंद झाले की लिनक्सवर मास्टरवरचं रीड शून्य देत नाही, उणे एक देतं आणि एररनो ईआयओ (इनपुट-आउटपुट एरर) असतो. फ्रीबीएसडीवर शून्य येतं. ईआयओला बिघाड समजून लॉग भरू नका. दोन्हीचा अर्थ संपलं असाच घ्या आणि मग वेटपीआयडीने मुलाचा निकाल उचला.