रेग्युलर एमबीए फायनान्स + डिस्टन्स एमकॉम, सव्वा वर्ष सोबत करून झाल्यावर

दोन डिग्र्या सोबत कराव्या का आणि स्पेशलायझेशन कुठलं घ्यावं, असं बरेच जण विचारायलेत म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी लातूरचा, एमबीए संभाजीनगरला रेग्युलर, मेजर (मुख्य विषय) फायनान्स, मायनर (जोडविषय) बिझनेस अ‍ॅनालिटिक्स, आणि वरून डिस्टन्सनं एमकॉम ज्याचं सेंटर लातूरलाच घेतलंय. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, एप्रिल २०२२ मधे दोन डिग्र्या सोबत करायला परवानगी दिली, एक रेग्युलर एक डिस्टन्स चालते, दोन्ही रेग्युलर पण चालतात फक्त तासाच्या वेळा एकमेकावर यायला नको, पीएचडीला मात्र हे लागू नाही. तेव्हा नियमाचं टेन्शन घेऊ नका, फक्त डिस्टन्सचा कोर्स यूजीसी मान्य हाय का ते अ‍ॅडमिशनच्या आधी बघा.

आण्णांना सांगितलं तर म्हणले, "आरं एका डिग्रीनं पोट भरंना का तुझं?" आमची भुसाराची आडत हाय, त्यांना प्रत्येक गोष्टीत खर्च वजा जाता काय उरलं तेच दिसतं. आता वाटायलंय त्यांचंच अर्धं बरोबर होतं.

कारण एमबीए आणि एमकॉममधे निम्मं तेच ते हाय. एनपीव्ही, आयआरआर (गुंतवणूक परवडती का ते काढायची गणितं), वर्किंग कॅपिटल (रोजच्या धंद्याला लागणारं भांडवल) मी दोनदा शिकलो, एकदा एक्सेलमधे आणि एकदा असाइनमेंटच्या पानावर हातानं रेघा मारून, तेही निळ्या पेननंच पाहिजे, काळं चालत नाही म्हणून सेंटरवाल्यानं एकदा परत पाठवलं होतं. फायदा झाला तो एकाच ठिकाणी, अ‍ॅडव्हान्स्ड अकाउंटिंग. होल्डिंग कंपनीचा (जिच्या ताब्यात दुसऱ्या कंपन्या असतात तिचा) ताळेबंद एमबीएत दोन तासात उरकला होता, इकडं महिनाभर बसून केला, त्यामुळं आता कंपनीचा अ‍ॅन्युअल रिपोर्ट उघडला की मी आधी मागं हिशेबाखालच्या नोट्सकडं जातो. बाकी कॉमर्समधून नेट-सेट देऊन प्राध्यापक व्हायचं असंल तर एमकॉम पाहिजेच, पण मॅनेजमेंटची नेट एमबीएवरही देता येते हे मला कुणी आधी सांगितलंच नाही.

तारखांचं तर विचारूच नका. एका रविवारी लातूरला एमकॉमचा पेपर आणि सोमवारी सकाळी नऊला कॉलेजात इंटर्नल. कॉलेजला विनंती केली तर म्हणे तुमचा वैयक्तिक विषय हाय. रात्रीची एसटी पकडली, अंबाजोगाई, केज, आणि बीडच्या स्टँडवर रात्री दोनला गाडी थांबली तर मी लाईटखाली उभं राहून डेरिव्हेटिव्हजचे (वायदे, ऑप्शन असले सौदे) फॉर्म्युले बघायलो, शेजारचा माणूस म्हणला तलाठीची परीक्षा हाय का. मी व्हय म्हणलं.

आता स्पेशलायझेशनचं, कारण खरा माल इथंच हाय. डेरिव्हेटिव्हजच्या सरांनी हेजिंग, म्हणजे भाव पडायच्या धोक्याची आधीच तजवीज, शिकवताना सोन्याचं उदाहरण घेतलं. मी म्हणलं सर, सोयाबीनचं घ्या ना. काढणीच्या दोन महिने आधी वायदा (पुढच्या तारखेचा सौदा, भाव आजच ठरलेला) विकून ठेवायचा, भाव पडला तर मालात गेलेलं वायद्यात निघतं, इतकं सोपं. सर हसले, म्हणले तुमच्या सोयाबीनचे वायदे सेबीनं, शेअर आणि वायदे बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, डिसेंबर २०२१ मधेच बंद केलेत. सात शेतमालांचे एकदम, हरभरा पण त्यातच, मग मुदतवाढीवर मुदतवाढ. एवढं मोठं लातूरचं मार्केट आणि जे हत्यार आम्ही पुस्तकात शिकायलो ते आमच्याच मालाला नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि यार्डात सौदे त्याच्या खालीच व्हायलते, आण्णा रोज ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला म्हणून शेतकऱ्यांशी वाद घालून घरी यायचे, तेव्हा हे जास्तच टोचलं.

मग अ‍ॅनालिटिक्सच्या मायनरमधे प्रोजेक्ट तेच घेतलं. आगमार्कनेट ह्या बाजारभावाच्या सरकारी साइटवरून लातूरची आवक आणि भाव काढला, मधे मधे तारखाच गायब, काही दिवशी भावात एक शून्य जास्त, नुसता डेटा साफ करण्यात तीन आठवडे गेले. रिग्रेशनमधून (एक आकडा बदलला की दुसरा किती बदलतो ते काढायची पद्धत) काय जगावेगळं निघालं नाही, आवक वाढली की भाव पडतो हे आण्णांनी चहा पिता पिता सांगितलं असतं, पण किती पडतो ते आकड्यात सांगता आलं. इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूला वीस मिनिटातली पंधरा मिनिटं ह्याच प्रोजेक्टवर गेली. एमकॉमची ओळ रेझ्युमेवर ठळक केली होती, त्यावर एक शब्द विचारला नाही.

म्हणून माझं मत: मेजर-मायनर जोडी विचार करून घ्या, ती पाच पैकी साडेचार. दुसरी डिग्री फायनान्ससोबत फायनान्ससारखीच घेतली तर दोनच्या वर देणार नाही, त्यापेक्षा डेटा किंवा कायद्याचं काहीतरी वेगळं घ्या नाहीतर एनआयएसएमच्या (शेअर बाजाराचं शिक्षण देणारी सेबीची संस्था) परीक्षा द्या, डेरिव्हेटिव्हजची सिरीज आठ मी दिली, ६० टक्क्याला पास आणि चुकीला मार्क कापतात, पण तयारी महिन्याभरात होते आणि बीडच्या स्टँडवर रात्र काढावी लागत नाही.

सोडणार का म्हणून विचारू नका, फी भरून झालीय. दोन पेपर राहिलेत आणि ऑडिटिंगचं पुस्तक आणखी प्लॅस्टिकमधेच हाय.