घरातला स्टुडिओ: तैलरंग की अॅक्रिलिक?

माझा स्टुडिओ म्हणजे बेडरूममधला खिडकीजवळचा कोपरा. तिथे मी दोन्ही माध्यमं वापरली आहेत. अॅक्रिलिक पाण्यात कालवता येतं, वास जवळजवळ नाही, पातळ थर पंधरा-वीस मिनिटांत सुकतो. संध्याकाळी तासभरच मिळत असेल तर हेच घ्या. मात्र ब्रश लगेच धुवा. सुकलेला रंग केसांच्या मुळाशी दगडासारखा बसतो.

तैलरंग बहुतेक जवसाच्या तेलात घोटलेले असतात. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून थर सुकायला कित्येक दिवस लागतात. पण काल रंगवलेल्या गालाची कड आज कोरडा ब्रश हलकेच फिरवून मऊ करता येते, ते सुख अॅक्रिलिकमध्ये नाही. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे दिल्लीत निजामुद्दीनच्या लहानशा घरात रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग पसरवायच्या बोथट सुरीने) तैलरंगात काम करत. वर्षाला मोजकीच चित्रं पूर्ण होत. त्या संथपणाचं मला फार मोल वाटतं.

घरात लहान मूल असेल तर तैलरंग पातळ करायचं उग्र वासाचं टर्पेंटाइन नकोच. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा. व्यक्तिचित्राला मी तैलरंगच घेते, बाकी सगळं अॅक्रिलिकमध्ये.